काल शेवटचा डाव ठरवून सोडला का?

कापूसवाला: गावच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीले दोन जुने खेळाडू. एकाकडं प्यादं जास्त, तरी ६१व्या चालीले हात मिळवले अन् बक्षीस अर्धं-अर्धं. पोरं सतरंजीवर ताटकळत बसली होती. हे साटंलोटं हाय.

हत्तीवाला: भाऊ, हे वाचून राहवलं नाही. मी पटापासून दोन हातांवर होतो. दोघांकडे एकेक हत्ती. काळ्याचा राजा प्याद्याच्या वाटेत, वजीर व्हायच्या घरात. त्याचा हत्ती सहाव्या रांगेवर आडवा. पांढऱ्या राजाला पुढे यायला जागाच नाही. प्यादं सहावीत ढकललं की काळा हत्ती थेट खाली पहिल्या रांगेवर, अन् मागून शहावर शह. राजाला आडोसा कुठे? फ्रेंच खेळाडू फिलिडॉरचा हा बचाव अठराव्या शतकापासून माहीत आहे. साटंलोटं म्हणण्याआधी पट मांडून पाहा.

कापूसवाला: म्याही खेळलो हाय. असाच डाव होता माझा, समोरचे गुरुजी दमले, हत्ती भलत्या रांगेत नेला, म्या जिंकलो. पन्नास चाली खेळाच्या होत्या.

अभ्यासू: २०१८ला लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन-कारुआनाचे बाराही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले. तेही साटंलोटंच का?

कापूसवाला: तिथं मंग रॅपिड, म्हंजे कमी वेळाचे डाव, झाले, कार्लसननं ३-० नं निकाल लावला. २०२५ले बटुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनंही कोनेरू हम्पीसोबत दोन्ही क्लासिकल बरोबरीत सोडले अन् रॅपिडमधी विश्वचषक आणला. आपल्याकडं असा बरोबरी फोडणारा टायब्रेक काऊन नाई?

पोरीचा बाप: कसा ठेवणार? शेवटची एसटी पावणेसहाले. मागच्या वर्षी माही पोरगी जिंकत असलेला डाव बरोबरीत सोडून उठली, कारण म्या दारातून हात केला. सव्वीस किलोमीटर, रात्री काहीच नाई. रस्ताभर बोलली नाई ती. संयोजक सकाळी नऊ म्हणतात, साडेअकराले पहिली फेरी लावतात.

अभ्यासू: काका, विषय एसटीचा नाही.

पोरीचा बाप: तुमच्या दारापुढं बस थांबते म्हणून नाई! आमच्यासाठी तोच विषय हाय.

हत्तीवाला: काका बरोबर बोलताहेत. फेऱ्या वेळेवर लागल्या तर टायब्रेकही बसेल.

कापूसवाला: साटंलोटं हा शब्द मागं घेतो, रात्री पट मांडला होता. पन बक्षीस वाटलं ते चुकलंच. अन् प्यादं सहावीत ढकलून तरी पाहाचं होतं.