जुने मित्र गेले, आता गप्पा कुणाशी?

गिरणगावकर:
वय ७४. लालबागच्या चाळीत वाढलो. १९८२च्या संपात गिरणी सुटली, कोणी गावी गेलं, कोणी वॉचमन झालं, तरी आमच्या चौघांचा कट्टा टिकला. गेल्या दिवाळीत शेवटचा भिडूही गेला. मुलगा म्हणतो, ज्येष्ठ नागरिक संघात जा. गेलो. माणसं चांगली, पण सगळी 'साहेब' म्हणतात. 'ए बाब्या' म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. फोनमधले त्यांचे नंबर पुसायचे की ठेवायचे?

कोकणकन्या:
ठेवा, काका. आणि त्यांच्या घरी एकदा फोन लावा. बाबा गेल्यावर त्यांचे मित्र दर गणपतीला आईला फोन करायचे, तिला फार बरं वाटायचं.

सातारी:
संघाचं काय घेऊन बसलात! भजनी मंडळ बघा. पखवाज येतो का? तिथं साहेब-बिहेब कोणी म्हणत नाही, ताल चुकला की थेट शिव्या.

गिरणगावकर:
पखवाज नाही, टाळ येतो. डिलाईल रोडला एक मंडळ आहे, बघतो. वहिनींना फोन केला. म्हणाल्या, "भावजी, यांचा कॅरमचा स्ट्रायकर पडून आहे, नेता का?" रविवारी जातोय.