धागा: विद्यार्थीदशेत, कमी पैशांत घरची साऊंड सिस्टीम कशी सुधारली? अनुभव येऊ द्या

कॉलेजसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. ब्लूटूथचा डबा आहे, महिन्याच्या खर्चातून वाचवलेले चार-पाच हजार आहेत, गाणं मनापासून ऐकायची हौस आहे. आता पुढे काय घ्यायचं? एकटीच्या सल्ल्यापेक्षा दहा जणांचे अनुभव जास्त उपयोगी पडतील, म्हणून हा धागा काढते आहे.

माझं मत आधी मांडते. पैसे स्पीकरच्या जोडीत घाला. खोक्यावर छापलेले वॉट बघून काही घेऊ नका. पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) आकडा हजारोंत असला तरी त्याला काही अर्थ नाही, आरएमएस वॉट (म्हणजे सतत मिळणारी ताकद) किती ते दुकानदाराला विचारा. वॉट दुप्पट झाले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे आधी जेवढा होता त्यापेक्षा जरासा मोठा. स्पीकर चांगले असले तर मात्र तानपुऱ्याची जवारी गाणाऱ्याच्या मागे सुटी ऐकू येते आणि डग्ग्यावर तळहात सरकतो तोही कळतो. तो फरक पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतो.

काय घेतलं, कुठून घेतलं, साधारण किती पडलं आणि ऐकताना काय बदललं, एवढं जरूर लिहा. हा धागा दोन स्पीकरच्या स्टिरिओपुरता ठेवूया.

लॅमिंग्टन रोडची वारी (मुंबई)

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. टीपीए 3116 या आयसीचा (चिपचा) क्लास डी ॲम्प्लिफायर बोर्ड साडेचारशेला, 24 व्होल्टचा अडॅप्टर पाचशेला. स्पीकर मामाकडे पडून होते, 6 ओहमचे. बोर्ड स्टीलच्या डब्यात न बसवता प्लास्टिकच्या डब्यात बसवला, म्हणजे खालून काही शॉर्ट व्हायची भीती नको, आणि हवेसाठी भोकं पाडली. हजारात काम झालं. आमच्या खोलीत याचा निम्मा आवाजही लावता येत नाही, शेजारचे भिंत ठोकतात.

दहा बाय बारा (पुणे)

मी फिजिक्सची विद्यार्थिनी, त्यामुळे माझा अनुभव खरेदीचा कमी आणि खोलीचा जास्त आहे. सदाशिव पेठेत आम्ही दोघी राहतो, खोली दहा बाय बारा. जुन्या बाजारातून रविवारी एक बुकशेल्फ स्पीकरची जोडी आणली, अडीच हजारांत. विकणाऱ्याकडे लावून बघितले तेव्हा छान वाजले आणि खोलीवर आणल्यावर सगळं गढूळ. पखवाज वाजला की नुसता घूं घूं.

कारण सरळ आहे. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लहर बरोबर मावते तो सूर खोली स्वतःच फुगवते. बारा फुटांसाठी तो साधारण 47 हर्ट्झवर येतो आणि दहा फुटांसाठी 56 वर. हे खर्जातले सूर भिंतीपाशी आणि कोपऱ्यात जोरात ऐकू येतात, खोलीच्या बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसे होतात. आमचे स्पीकर दोन कोपऱ्यांत होते आणि माझी उशी भिंतीला टेकलेली, म्हणजे दोन्हीकडून भर.

मग स्पीकर कोपऱ्यांतून काढले आणि मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले. एकमेकांपासून पाच फूट, आणि बसायची जागा दोन्हींपासून तेवढ्याच अंतरावर. ट्विटर (बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला यावा म्हणून एका बाजूला लोखंडी ट्रंक आणि दुसऱ्या बाजूला विटा. विटांवर कपडा घातला, नाहीतर खोका थरथरतो. टाळी वाजवली की खोलीत जो कर्कश झणकार यायचा तो घालवायला स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगली आणि जमिनीवर सतरंजी पसरली. मैत्रिणीचं पुस्तकांचं कपाट बाजूच्या भिंतीला सरकवलं. यात एक रुपयाही गेला नाही, आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधून, हवेतून आल्यासारखा यायला लागला. नवीन काही घ्यायच्या आधी एखादा रविवार स्पीकर सरकवण्यात घालवा, असं मी कळकळीने सांगेन.

गाडीचा टेप, कॉम्प्युटरचा एसएमपीएस (सांगली)

आमचं गॅरेज आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांनी बदलून टाकलेले कार स्टिरिओ आणि सहा बाय नऊचे अंडाकृती स्पीकर घरात कायम असतात. डिप्लोमाला असताना यातूनच सिस्टीम केली. गाडीच्या टेपला 12 व्होल्ट लागतात आणि ते जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) मिळतात. मोठ्या कनेक्टरवरची हिरवी वायर काळ्या वायरला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. पिवळी वायर म्हणजे 12 व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड. टेपच्या पिवळ्या आणि लाल, दोन्ही वायरी 12 व्होल्टला द्यायच्या. लाल राहिली तर टेप चालूच होत नाही.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एसएमपीएसचा डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. आणि कार टेपच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी एकत्र करून ग्राउंडला जोडू नका, आउटपुटचा आयसी जातो.

खोक्यासाठी सुताराकडून 18 एमएम प्लायचे उरलेले तुकडे आणले, सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने बंद केले, आत उशीतला पॉलिस्टरचा कापूस भरला. हे स्पीकर उघड्यावर वाजवले तर खर्ज येतच नाही, खोक्यात बसवल्यावर हलगीचा ठेका छातीला लागतो. शिवाय गाडीच्या टेपचा रेडिओ फार ताकदीचा असतो. खिडकीबाहेर वायरचा तुकडा सोडला तरी विविध भारती स्वच्छ लागतं, आईसाठी सकाळभर तेच चालू असतं.

नागपूर, हॉस्टेल

माझं मत वेगळं आहे. हॉस्टेलला एका खोलीत तिघं, एकाची परीक्षा संपते तोवर दुसऱ्याची सुरू. तिथे स्पीकर घेण्यात अर्थ नाही. त्याच पैशांत चांगला वायरचा हेडफोन आणि मोबाईलला लावायचा छोटा डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोनसाठी सिग्नल करणारा) घ्या. खोलीचा प्रश्नच मिटतो. नोकरी लागल्यावर स्पीकर आहेतच.

कुवेतहून आलेली जोडी (मडगाव)

आमच्या आजोबांनी कुवेतला नोकरी केली. तिकडून येताना त्यांनी मोठी म्युझिक सिस्टीम आणली होती, गोव्यात त्या काळी कितीतरी घरांत अशा आल्या. ॲम्प्लिफायर अजून ठणठणीत. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायची कळ) खरखरायचा, तो काँटॅक्ट क्लीनर मारून पुढे-मागे फिरवल्यावर गप्प झाला. स्पीकरची मात्र कड गेली होती. कोनाभोवती (म्हणजे स्पीकरच्या कागदी शंकूभोवती) जो फोमचा पट्टा असतो तो आमच्या दमट हवेत काही वर्षांत विरघळतो, बोट लावलं की काळा चिकट भुगा हाताला येतो. लोक अशा वेळी स्पीकर भंगारात देतात. कृपा करून देऊ नका. कोन, कॉइल, मॅग्नेट सगळं चांगलं असतं, फक्त ही रिंग बदलायची असते.

आठ इंची स्पीकरच्या फोम रिंगा ऑनलाईन मागवल्या. आधी जुना फोम बोथट सुरीने खरवडला, उरलेला चिकटा स्पिरिटच्या बोळ्याने अलगद पुसला. कागदी कोन ओला होता कामा नये. नवी रिंग आधी कोनाला चिकटवून रात्रभर तशीच ठेवली. गोंद वाळल्यावर लवचीक राहणारा हवा, फेविक्विकसारखा कडक होणारा अजिबात नको. खरं कौशल्य दुसऱ्या दिवशी लागतं, बाहेरची कड लोखंडी चौकटीला चिकटवताना. गोंद ओला असतानाच पाच बोटं कोनावर सगळीकडून सारखी ठेवायची आणि हलकेच आत दाबून सोडायची. कान जवळ न्यायचा. कॉइल आत घासली तर कागदावर नख ओढल्यासारखा आवाज येतो. मग रिंग केसभर सरकवायची, पुन्हा दाबायचं, आवाज पूर्ण थांबेपर्यंत हेच करत राहायचं. मी अंगणात करायला घेतलं तर माडांच्या झावळ्यांची सळसळ मध्ये येत होती, म्हणून दार लावून आत बसलो.

सगळं मिळून सातशेच्या आत झालं. आजोबांनी त्यावर पहिलं काय लावलं असेल तर रेडिओवरचं नाट्यसंगीत, आणि ऑर्गनचे खालचे सूर आल्यावर ते हात वर करून "राहू दे, असंच राहू दे" म्हणाले.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून बारीक घरघर येते. चार्जर काढला की बंद. मित्र म्हणतो प्लगची अर्थ पिन काढून टाक. करू का?

वरच्या प्रश्नाला (ठाणे)

अजिबात नको! ती पिन शॉक लागू नये म्हणून असते. ही घरघर ग्राउंड लूपची आहे, म्हणजे लॅपटॉप आणि ॲम्प (ॲम्प्लिफायर) दोन वाटांनी अर्थला जोडले गेल्याने येते. आधी लॅपटॉप आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. नाहीच गेली तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, दोन-तीनशेला मिळतो.

जर्मनीतून (आखेन)

मास्टर्ससाठी इथे आलो तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून) महिन्याला ठरलेली रक्कम मिळायची, त्यात स्पीकर बसवणं अवघड होतं. पण जर्मनीत जुनी चांगली सामग्री लोक सहज देऊन टाकतात. क्लाइनआनत्साइगेन या जुन्या-पुराण्या वस्तूंच्या साईटवर रोज बघायचो. एका आजींनी घर बदलताना कँटन कंपनीच्या स्पीकरची जोडी 30 युरोला दिली, वर केकही खाऊ घातला.

त्या जोडीच्या वायरीला जुना डिन प्लग होता, एक चपटी पिन आणि एक गोल. भारतीय मुलं तो बघून गोंधळतात. गोल पिन म्हणजे प्लस, चपटी म्हणजे मायनस. प्लग कापून उघड्या वायरी ॲम्पला जोडता येतात. जोडताना दोन्ही स्पीकरचं प्लस-मायनस सारखंच ठेवा. एक उलटा लागला तर खर्ज पातळ होतो आणि गायक नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही. शंका असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर वायरींना टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो.

इथली वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, त्यामुळे परतताना ॲम्प आणला तर घरी चालेल, फक्त प्लग बदलून घ्या म्हणजे अर्थिंग मिळेल. अमेरिकेतून 120 व्होल्टचं काही आणणाऱ्यांनी मात्र मागचं लेबल वाचल्याशिवाय बोर्डात घालू नये. स्पीकर मी आणणार नाही. 23 किलोच्या बॅगेत ते मावणं कठीण, मागून येणाऱ्या मराठी मुलीला देणार आहे, घेतले त्याच भावात.

जळगावहून, मडगावच्या दादांना

दादा, रिंगचं माप कसं घेतलं? माझ्याकडे बाबांचे स्पीकर आहेत, खोक्यावर काहीच लिहिलेलं नाही.

मडगाव

नुसतं "आठ इंची" सांगून मागवू नका, त्यात बरेच प्रकार येतात. पट्टीने चार मापं घ्या: चौकटीवर रिंग चिकटते त्या जागेचा बाहेरचा आणि आतला व्यास, फुगीर भागाची रुंदी, आणि कोनाचा व्यास. रिंग कोनाच्या वरून चिकटवली होती की खालून, तेही जुना फोम काढायच्या आधी बघा आणि फोटो काढून ठेवा. चारही मापं इथे टाका, कुठली रिंग लागेल ते सांगतो.