मदत हवी आहे: दुखणं, मूड, एनर्जीच्या नोंदींतून पॅटर्नच दिसत नाही

वहीवाली: रोज एक्सेलमध्ये तीन आकडे भरते, ० ते १०. आलेख काढला तर तिन्ही रेघा सपाट, सगळं ५-६. शुक्रवारी डॉक्टरांना दाखवायचंय. कुठलं सूत्र लावू? लवकर सांगा प्लीज.

कडुलिंब: दुखतंय काय? आकडे कधी भरता? गोळ्या कुठल्या? हे कळल्याशिवाय सूत्राचा उपयोग नाही.

पेनवाला: एक्सेल सोडा. शंभर पानी वही उशाशी ठेवा. मोबाइल हातात घेतला की माणूस व्हॉट्सॲपवर जातो आणि नोंद राहते.

वहीवाली: फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखतं, थकवा असतो), शिवाय मधूनमधून अर्धशिशी. रात्री भरते, राहिलं तर दुसऱ्या दिवशी. गोळ्या लिहीत नाही.

कडुलिंब: मग रेघ सपाटच येणार. अंगदुखी आणि अर्धशिशी एकाच रकान्यात कोंबल्यात, ते आधी वेगळे करा. रात्री भरलेल्या आकड्यात बऱ्याचदा दिवसभराची नेमकी सरासरी नसते. दिवसातली सगळ्यात वाईट कळ आणि भरतानाचा थकवा त्यात जास्त उतरतो. तीनदा भरा: उठल्यावर अंथरुणातच, दुपारी जेवणाआधी, रात्री. कालचे आकडे बघू नका. आणि पट्टी ठरवा: २ म्हणजे कामात विसरायला होतं, ४ जाणवतं पण काम चालू, ६ म्हणजे कणीक मळताना मध्येच थांबावं लागतं, ८ म्हणजे आडवं व्हावंच लागतं. ही पट्टी मध्येच बदलू नका.

झुळूक: उशी बदलून बघा ताई, मानेला फार फरक पडतो.

पेनवाला: दिवसातून तीनदा एक्सेल कोण उघडणार? वहीच बरी.

रकाना: आणि वहीतून आलेख कोण काढणार? दिवसा कागदावर टिपा, रविवारी शीटमध्ये चढवा, वाद मिटला. मूळ प्रश्नाकडे: फायब्रोमध्ये जास्त धावपळ झाली की दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळतं. एकाच तारखेच्या ओळीत शोधाल तर सापडणार नाही. दिवसाला एक ओळ, B मध्ये श्रम, C मध्ये दुखणं असेल तर दोन रकाने एकमेकांशी किती जुळतात ते काढायचं सूत्र: =CORREL(B2:B60,C3:C61). C ची सुरुवात एक ओळ खाली आहे, म्हणजे आजचे श्रम उद्याच्या दुखण्याशी जुळतात. C4:C62 केलंत की परवाचं. दोन आठवड्यांच्या आकड्यांवर मात्र भरवसा नको.

तिळगूळ: अर्धशिशी आहे तर एकादशीचा उपास बघा. जेवण चुकलं की अनेकांचं डोकं उठतं. चॉकलेटही बंद करा.

कडुलिंब: उपासाचं पटलं. चॉकलेटचं सरसकट नाही. अर्धशिशी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काहींना गोड खावंसं वाटतं, जांभया येतात. ती झटक्याची सुरुवात असू शकते, कारण नव्हे. म्हणून वेळही लिहा. गोळ्यांचा रकाना तर हवाच. साध्या वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा मिश्र (एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या) गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. मनाने बंद करू नका, शुक्रवारी गोळ्यांचे दिवस मोजून सांगा.

झुळूक: अवांतर: चांगली उशी कुठे मिळते?

वहीवाली: पाळीच्या तारखाही नाहीयेत. मागच्या भरू का?

रकाना: तारखा खात्रीच्या असतील तर भरा. दुखण्याचे आकडे आठवून भरू नका, चौकोन रिकामा सोडा. तिथे ० टाकलंत तर सरासरी उगाच खाली येईल.