भाट्ये ते मिरजोळे रोज सायकलने: बारमाही जमेल का? सल्ला हवा

धागाकर्ती
माझे घर रत्नागिरी शहरालगत खाडीपलीकडच्या भाट्ये येथे असून नोकरी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. एका बाजूचे अंतर आठ-नऊ किलोमीटर भरते. खाडीवरचा पूल ओलांडला की शहरात शिरताना चढ लागतो आणि तिथे चांगलाच दम लागतो, एवढे मी भावाच्या जुन्या सायकलवरून चार वेळा जाऊन पाहिले आहे. वय ४२ आहे, गुडघ्यांची तक्रार नाही. सायकल कोणती घ्यावी, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात हा क्रम टिकतो का? जूनमध्ये सायकल मांगरात (अडगळीच्या खोपटात) जाईल असे घरच्यांना वाटते, आणि मला तसे होऊ द्यायचे नाही.

प्रतिसाद १
गिअरची हायब्रिड, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलच्या मधली, सायकल घ्यावी. चढासाठी पुढची सर्वांत लहान चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या बरोबरीची किंवा तिच्याहून लहान आहे ना, हे दुकानात दात मोजून पाहावे. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे आणि मडगार्ड पूर्ण लांबीचे असावेत.

प्रतिसाद २
मी फणसोपहून शहरात अकरा वर्षे सायकलने ये-जा करतो. माझ्या अनुभवात सायकल सुटण्याचे कारण बहुतेक वेळा घरातच असते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा भिजणे ठरलेलेच आहे. भिजून आल्यावर कपडे कुठे टाकावेत, सायकल कुठे टेकवावी आणि अंघोळीच्या पाण्याचे काय, याची सोय नसेल तर आठवडाभरात माणूस रिक्षाकडे वळतो. म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, लाकडे आणि सुकट भरून ठेवतो, तशीच मे महिन्यात पडवीही तयार करावी.

माझ्या पडवीत एक दोरी, गोड्या पाण्याची बादली, जुने फडके आणि तेलाची बाटली असते. आल्याबरोबर सायकलवर चार तांबे पाणी ओतायचे, साखळी फडक्यात धरून पेडल उलटे फिरवायचे आणि लाल-काळे पाणी निथळू द्यायचे. अंघोळ-जेवण होईपर्यंत साखळी सुकते. मग तिच्या कडीकडीवर तेलाचा एकेक थेंब सोडायचा. पहिल्या वर्षी मी हा नेम पाळला नाही आणि गणपतीत सात दिवस उभ्या राहिलेल्या सायकलची साखळी खाऱ्या हवेने गंजून काठीसारखी ताठ झाली.

तिकडे बंबात नारळाच्या सोडणांवर (सालींवर) पाणी तापलेले असते. अंगावर कोरडे कपडे आले आणि पुढ्यात उकड्या तांदळाचा भात व वाफाळती कुळथाची पिठी आली, की उद्याही सायकलच न्यावी असे मनापासून वाटते.

वाऱ्याचाही विचार करावा. थंडीत सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, वारा तुम्हाला समोरून लागेल आणि संध्याकाळी परतताना समुद्रावरचा खारा वाराही समोरूनच येईल. परंतु मतलई मंद असतो आणि त्या गारव्यात चढ हलका वाटतो. पावसाळ्यात जाताना वारा बराचसा पाठीशी असतो, पण पुलावर तो समुद्राकडून आडवा झोडपतो. तिथे उतरून चालावे, त्यात काहीही कमीपणा नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र सातच्या आत निघावे आणि घरी आल्यावर कोकम सरबत घ्यावे, तेही माठातल्या पाण्याचे.

धागाकर्ती
पडवीचा मी विचारच केला नव्हता, मनापासून आभार. रेनकोट कोणता घ्यावा, आणि उतारावर ब्रेक भरवशाचे राहतात का?

प्रतिसाद ३
चढावर बंद रेनकोटात माणूस आतून घामाने भिजतो, म्हणून मी पातळ, लवकर सुकणारे कपडे घालून सरळ भिजतो आणि कचेरीचे कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून नेतो. ब्रेक डिस्कचेच, म्हणजे चाकाच्या मध्यावरील चकतीवर दाबणारे, घ्यावेत. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची रबरे जांभ्याच्या मातीने भराभर झिजतात, शिवाय ओल्या रिमवर पकड यायला वेळ लागतो. शेवाळ धरलेल्या कडेला वळताना ब्रेक दाबू नये, वेग वळणाच्या आधीच कमी करावा. सायकल दसऱ्याला घ्या, म्हणजे पहिल्या पावसापर्यंत आठ महिने हाताशी राहतील आणि तोवर पुलापुढचा चढ पायांच्या सवयीचा झालेला असेल.