बिलिंग सॉफ्टवेअर आपोआप रिन्यू झालं, पैसे परत मागायचे की गप्प बसायचं?

भांडीबाजारवाला
नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे, वडील, मी आणि कामाला एक पोरगा एवढाच कारभार. मागच्या वर्षी एका कंपनीचं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं, फोनवर सेल्सवाला म्हणाला पहिल्या वर्षी निम्म्यात देतो, सहा हजार अधिक जीएसटी, कार्ड टाका की झालं. अक्षय तृतीयेपासून आम्ही दुसरं वापरतोय, हे उघडलं पण नाही. आणि ऐन धनत्रयोदशीला कार्डावरून १४,१६० गेले. ओटीपी नाही, फोन नाही, काहीच नाही. कंपनी म्हणते रिफंड पॉलिसीत बसत नाही. माझं सरळ मत आहे, बँकेत डिस्प्यूट टाकायचा, म्हणजे हा व्यवहार मला मान्य नाही, पैसे परत द्या अशी तक्रार. तुम्हाला काय वाटतं?

अंबडचा_लेथवाला
राग नको मानू भाऊ पण मँडेट (कार्डावरून आपोआप पैसे कापायची परवानगी) तूच दिलंयस. १५ हजारांच्या आत असलं की दरवेळी ओटीपी लागत नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, आधी ही मर्यादा ५ हजार होती, २०२२ मध्ये वाढवली. १२ हजार अधिक १८ टक्के म्हणजे १४,१६०, बरोब्बर आत बसवलंय त्यांनी. आणि पैसे जायच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतोच. आला होता ना?

भांडीबाजारवाला
आला होता, नाही कशाला म्हणू. पण त्यात नाव होतं कंपनीचं, कुठलीतरी प्रायव्हेट लिमिटेड, सॉफ्टवेअरचं नावच नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, एका हातात तराजू एका हातात गिऱ्हाईकाचा कलश, त्यात असले मेसेज पन्नास येतात. बरं ॲपमध्ये रद्द करायला गेलो तर तिथे बटणच नाही, "आमच्या प्रतिनिधीशी बोला" एवढंच, आणि प्रतिनिधी उचलत नाही. घेताना दोन मिनिटांत घेतलं, सोडताना यांच्या दारात उभं राहायचं का?

अंबडचा_लेथवाला
गर्दी होती हे कारण बँक ऐकत नसते. त्या मेसेजमध्येच नको म्हणायची सोय असते, ती वापरायची. उद्या सगळेच म्हणतील मेसेज वाचला नाही, पैसे द्या परत.

हिशेबाची_वही
मी सीएच्या ऑफिसात काम करते, इंदिरानगरला. नैतिक वाद तुमचा तुम्ही घाला, मी दोन कामाच्या गोष्टी सांगते. एक, त्या बिलातला २,१६० चा जीएसटी तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत) दिसत असेल, त्याचं क्रेडिट (तुम्ही भरायच्या करातून वजावट) चुकूनही घेऊ नका. क्रेडिट घेतलं म्हणजे सेवा मिळाली असं तुम्हीच लिहून दिलं, मग डिस्प्यूट कसला? दुसरं, डिस्प्यूट टाकलात की कंपनी बँकेला लॉगिनची नोंद दाखवते, बघा हा वापरतोय. आणि गंमत अशी की जुनी बिलं काढायला आत जावंच लागतं, कारण जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणून आधी कंपनीला ईमेल टाका की मला सेवा नको, फक्त जुना डेटा काढायला लॉगिन करतोय, आणि मगच आत जा.

कॉलेजरोड_सॉफ्टवेअर
मी असंच छोटं सॉफ्टवेअर विकतो (यांचं नाही!!) म्हणून दुसरी बाजू. ऑटो-रिन्यू बंद ठेवलं ना तर हेच दुकानदार सणाच्या दिवशी फोन करून शिव्या घालतात, बिल निघत नाही, दुकान भरलंय, काय फालतू सर्व्हिस आहे. आणि डिस्प्यूट आला की पैसे आमचे अडकतात, वर गेटवे (कार्डाचे पैसे आमच्यापर्यंत पोचवणारी कंपनी) दंड लावतो, खुलासे देत बसायचं ते वेगळंच. आधी आमच्याशी बोला ना राव, सरळ बँकेत काय पळता.

भांडीबाजारवाला
बोललो तर होतो, तेच लिहिलंय वर. तुम्ही उचलत असाल फोन, हे उचलत नाहीत. आणि निम्म्याचे दुप्पट होणार हे मला घेताना ठळक दिसलं नाही, खाली बारीक अक्षरात असेल.

पंचवटीकर
हे तर उघड सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नची (ॲप-वेबसाइटवर गिऱ्हाईकाला गंडवायच्या युक्त्यांची) नियमावली काढली त्यात १३ प्रकार आहेत, त्यातला हा एक, रद्द करायची वाट लपवणं किंवा लांबवणं. १९१५ ला फोन लावा, तक्रार नोंदवा. आणि करारात बेंगळुरूचं कोर्ट लिहिलंय म्हणून घाबरू नका, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी पण नाही.

अंबडचा_लेथवाला
दुकानासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर, म्हणजे व्यापारी कारणासाठी. ग्राहकच नाही हा कायद्याच्या भाषेत. पहिल्याच तारखेला हाच मुद्दा येईल.

पंचवटीकर
अर्धंच वाचलंत. पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवलेला धंदा त्यात धरत नाहीत. बाप, लेक आणि एक पोरगा, याला कोण मोठा व्यापारी म्हणणार? तुमच्या पंधरा मशीनच्या वर्कशॉपचं वेगळं.

अंबडचा_लेथवाला
पंधरा कुठे, चार आहेत. ते ठरवायला आयोगात जाऊन बसा मग, १४ हजारांसाठी. मी असतो तर मँडेट बँकेच्या ॲपमधून आजच बंद केलं असतं आणि धंद्याला लागलो असतो.

हिशेबाची_वही
मँडेट तर बंद कराच, त्यात दुमत नाही. पण डिस्प्यूटला मुदत असते, धंद्याला लागाल आणि ती निघून जाईल. बँकेने ३० दिवसांत उत्तर नाही दिलं किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण तक्रार बँकेविरुद्ध असते हे लक्षात ठेवा, सॉफ्टवेअर कंपनीविरुद्ध नाही. तुमच्या बँकेने तर मेसेज पाठवलाय, त्यामुळे तिथे फार जोर नाही.

भांडीबाजारवाला
ईमेल आत्ताच टाकला, रद्द करायच्या पानाचे फोटो जोडून. मँडेट बंद केलं. क्रेडिट घेतलेलं नाही, ताईंनी सांगितलं ते बरं झालं. सोमवारी बँकेत डिस्प्यूट टाकतो. लेथवाले भाऊ, तुम्ही म्हणा काही पण, मेसेज पाठवला म्हणजे विचारलं असं नाही.

अंबडचा_लेथवाला
बँक काय म्हणते ते टाक इथे. मला नाही वाटत देतील.