शब्दचर्चा : तारण 'झालं' की तारण 'साधून घ्यायचं'?

जुनी_वही :
मंडळी, तारण हा शब्द बरेच दिवस डोक्यात अडकलाय. परवा आईच्या पाटल्या सोडवायला बँकेत गेलो होतो, सोबत माझी आठ वर्षांची पुतणी. काउंटरच्या वर मोठ्ठा बोर्ड, 'सोने तारण कर्ज'. तिने तो अक्षर लावून लावून वाचला आणि म्हणाली, काका, संडे स्कूलमध्ये तर शिकवतात येशूने आपलं तारण केलं, म्हणजे आपल्याला इथे ठेवलं का? मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही नगरकडचे, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, पण घरात एक वाद कधी मिटला नाही. थोरले काका म्हणतात तारण देवाच्या कृपेने एकदा झालं की झालं, धाकटे म्हणतात आज्ञा पाळत राहिलास तरच टिकतं, नाहीतर हातचं जातं. दोन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ दारूपायी गेला. बाप्तिस्मा झालेला, क्वायरमध्ये गाणारा, आवाज असा की चर्च गप्प व्हायचं. माती देऊन आलो आणि अंगणातच दोघा काकांचं सुरू झालं, त्याचं तारण झालं होतं की नव्हतं. तेव्हापासून हा शब्द नीट समजून घ्यायचाय. बँकेतलं गहाणाचं आणि चर्चमधलं पापातून सुटकेचं, दोन्ही तारणं एकच का? आणि शब्दातच काही उत्तर आहे का?

कोरा_कागद :
व्याकरणाचं सांगतो, धर्मशास्त्र माझा प्रांत नाही. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, सरणे-सारणे, तसंच तरणे-तारणे. तरणारा स्वतः तरतो, तारणारा दुसऱ्याला तारतो. 'देव तारी त्याला कोण मारी' यात दोन्ही क्रियापदं तसलीच, करणारा वेगळा आणि ज्याच्यावर होतं तो वेगळा. तारण हे 'तारणे'वरून, म्हणजे त्यात दुसरं कोणीतरी आलंच. स्वतःचं तारण स्वतः करणं हे मराठीला जरा जडच जातं बघा.

बँकेचं तारणही मला त्याच पाण्यातलं वाटतं. कर्ज कसं होतं? बुडीत. ते बुडालं तर सावकाराला जे वर ठेवतं ते तारण. पुतणीला सांगा की बँकेत ठेवलं नाही, बुडताना धरलं.

मीठागर :
आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे 'तुमचं तारण झालंय का' असं कोणी विचारतच नाही. पहिल्यांदा एका पास्टरनी मला बसस्टॉपवर विचारलं तेव्हा मी गडबडले, कारण आमच्यासाठी ती चालू असलेली गोष्ट. कृपेशिवाय सुरुवातच होत नाही हे आम्हीही मानतो, कमाईने स्वर्ग मिळतो असं चर्च शिकवत नाही, १५४७ ला आमच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने हे लिहूनच ठेवलंय. पण त्याच परिषदेने हेही म्हटलं की माणूस त्या कृपेला साथ देतो आणि मोठ्या पापाने ती गमावूही शकतो, मग पापनिवेदन करून परत यायचं. माझी आई गोव्याची, ती कोंकणीत कृपेला कुर्पा म्हणते आणि येशूला सोडवणदार. तुम्ही पाटल्या 'सोडवायला' गेला होतात ना, तोच शब्द. सोडवणारा दुसराच असतो, पाटल्या काय आपण होऊन लॉकरमधून चालत येत नाहीत.

खडू_फळा :
मी शाळेत शिकवते, म्हणून कृपा या शब्दाबद्दल बोलते, कारण मला वाटतं घोळ तिथेच आहे. आपल्या डोक्यात कृपा म्हणजे कृपागुण. पोराला ३२ पडले, पासिंगला ३५ हवेत, वरचे ३ बोर्डाने दिले. म्हणजे बहुतेक अभ्यास माझा आणि उरलेलं देवाचं. नव्या करारातली पत्रं लिहिणारा पौल जे म्हणतो ते हे नव्हेच, तो म्हणतो पेपर कोरा होता, आणि दिलेल्याला तो दान म्हणतो, भर घातली असं म्हणत नाही. चर्चमधली चांगली चांगली माणसं आयुष्यभर स्वतःचे ३२ मोजत बसतात आणि शेजाऱ्याचे २० बघून सुखावतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

जुनी_वही :
कृपागुण वाचून थांबलोच, थोरल्या काकांना नेऊन दाखवणारे.

काल रात्री मी घरचं पवित्र शास्त्र काढून बसलो. पौलाच्या पत्रांतल्या इफिस २:८ ला आमच्या प्रतीत 'कृपेनेच' तारण झालंय असं आहे. तो 'च' बघा. ग्रीकमध्ये त्या ठिकाणी 'केवळ' असा शब्द नाही. कॅथलिक चर्चपासून वेगळा झालेला धर्मसुधारक लूथर, त्याने १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोम ३:२८ ला 'केवळ' विश्वासाने असं घातलं, त्यावरून केवढं रान उठलं, १५३० मध्ये त्याला पत्र लिहून खुलासा द्यावा लागला की जर्मन बोलणारा माणूस असंच बोलतो. आपल्याकडे एका अक्षरात काम झालं आणि कोणी हूं का चूं केलं नाही. आणि गंमत म्हणजे 'केवळ विश्वास' ही जोडी नव्या करारात एकाच जागी येते, याकोबाच्या पत्रात, २:२४ ला, आणि तिथे तो म्हणतो केवळ विश्वासाने नव्हे!

पण मला खरा सापडला तो फिलिप्पै २:१२. 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या.' धाकट्या काकांचं हे हुकमी वचन, यावरच ते थोरल्यांना गप्प करतात. आता 'साधून घेणे' मराठीत आपण कुठे वापरतो? संधी साधली, मुहूर्त साधला, वाफसा साधून पेरणी केली. मुहूर्त कोणी कमावतो का? वाफसा आपण आणत नाही, पाऊस पडून गेलेला असतो, रान तयार असतं, आपण वेळेवर पाभर घेऊन जायचं, न गेलो तर दोष आपलाच. साधणं म्हणजे कमावणं नव्हे पण आळसही नव्हे. आणि लगेच पुढच्या ओळीत, १३ मध्ये, इच्छा आणि कृती तुमच्यात 'साधून देणारा' देव आहे. साधून घ्या आणि साधून देणारा, एकच क्रियापद दोन्हीकडे! ग्रीकमध्ये शब्द वेगवेगळे आहेत म्हणे, मराठी भाषांतरकाराने जोडून दिलेत, आणि माझ्या मते अर्थ अचूक पकडलाय. दोन्ही काका अर्धी अर्धी ओळ वाचत आले इतकी वर्षं.

मीठागर :
छान. याच मुद्द्यावर लुथरन, म्हणजे लूथरच्या परंपरेतली चर्चेस, आणि कॅथलिकांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गला संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, नंतर २००६ ला मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथही आला. सगळं मिटलं असं नाही, पण तुमच्या अंगणापेक्षा बरं चाललंय.

धाकटी_पाती :
मला एवढं सोपं वाटत नाही हो. मत्तय ७:२१ चं काय करायचं? प्रभू प्रभू म्हणणारा प्रत्येक जण आत जाणार नाही, पित्याच्या इच्छेप्रमाणे करणारा जाईल. कृपा कृपा म्हणत मनाला येईल तसं वागणारे मी जवळून पाहिलेत, बायकोला मारून रविवारी चर्चमध्ये आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभे राहतात. तुमचे धाकटे काका चुकलेत असं मला नाही वाटत.

कोरा_कागद :
ताई, तुमचा राग बरोबर आहे. फक्त आज्ञापालन हा शब्द मला खटकतो, पोलीस परेडचा वाटतो. नव्या करारातला ग्रीक शब्द हुपाकोए, त्यात अकूओ आहे, म्हणजे ऐकणं. मराठीत आयता शब्द आहे की. 'पोरगं ऐकत नाही' म्हणतो तेव्हा कान बिघडलेत असं कुठे म्हणायचं असतं? ऐकणं म्हणजेच मानणं. आणि ऐकायला आधी कोणीतरी हाक मारलेली असावी लागते.

जुनी_वही :
@धाकटी_पाती, तुमचं पटतं, अशा माणसाला कृपेचं नाव घेऊन सोडता येणार नाही, आणि याकोब त्यालाच बोलतोय असं मला वाटतं.

@कोरा_कागद, 'ऐकणं' वाचलं आणि त्या दिवशीचं अंगण आठवलं. काकांचा आवाज चढलेला, आजी ओट्यावर बसलेली, ८६ वर्षांची. ती एवढंच म्हणाली, ऐकत नव्हता रे माझा, कधीच नाही ऐकलं त्यानं, पण हाक मारली की कितीबी प्यायलेला असला तरी वळून बघायचा.