शिक्षकांच्या मतासाठी दिलेली आश्वासनं आणि आपल्या मराठी शाळा: सीमाभागातले अनुभव लिहा

कर्नाटक विधान परिषदेच्या वायव्य शिक्षक मतदारसंघात बेळगाव, विजयपूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे येतात. मागची निवडणूक जून २०२२ मध्ये झाली. प्रकाश हुक्केरी यांनी अरुण शहापूर यांचा पराभव केला. मुदत सहा वर्षांची, म्हणजे आता २०२८. पण उमेदवारांची शाळांतली ये-जा त्याच्या बरीच आधी सुरू होते आणि सरकारी शाळा वाचवायच्या आहेत असं प्रत्येक जण सांगतो. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मराठी शाळांच्या पदरात त्यातलं काय पडलं? मी पालक आहे, मुलगी गावातल्याच मराठी शाळेत जाते, त्यामुळे मला हे मनापासून जाणून घ्यायचंय. उमेदवार, पक्ष, शाळा यांची नावं नकोत. काय विचारलंत, काय उत्तर मिळालं, पुढे काय झालं, ते लिहा. आमदारकीच्या प्रचारातले अनुभवही चालतील.

हायस्कूल शिक्षक, खानापूर तालुका

आमच्याकडे उमेदवार मधल्या सुट्टीत येतात. स्टाफरूममध्ये खुर्च्या पुरत नाहीत म्हणून प्रयोगशाळेतली स्टुलं आणावी लागतात. हार, शाल झाली की भाषण. त्यात जुनी पेन्शन आणि अनुदानित शाळांची काल्पनिक (नोशनल, म्हणजे कागदोपत्री धरलेली) वेतनवाढ हे दोन विषय ठरलेले. कर्नाटकात १ एप्रिल २००६ नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, त्यामुळे पेन्शनचा शब्द निघाला की डबा खाणारेही हात थांबवून ऐकतात. प्रश्न खरा आहे, माझ्याही घरचा आहे.

मागच्या वेळी मी उठून विचारलं, "साहेब, आठवीला मुलं कुठून आणायची? आसपासच्या प्राथमिक मराठी शाळांत शिक्षक नाहीत, पालक पोरं काढून घ्यायला लागलेत." त्यांनी सोबतच्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर, तो प्राथमिकचा विषय झाला. आज हायस्कूलचं बोलूया." घंटा झाली आणि सगळे उठले.

सातवी पास होऊन येणारी मुलं घटली की आमची तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग तो विषय आमचा नाही कसा? आमच्याच काही सहकाऱ्यांना मी नको तिथे बोललो असं वाटलं. मला तसं वाटत नाही.

प्राथमिक शिक्षिका, सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा

वरच्या सरांना उत्तर मिळालं नाही, कारण आम्हाला मतच नाही. घटनेच्या कलम १७१ प्रमाणे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवणाऱ्यांचंच नाव या यादीत येतं. पहिली ते सातवी शिकवणारे आम्ही बाहेर. आमच्या आणि हायस्कूलच्या मध्ये एक कंपाऊंडची भिंत आहे. उमेदवाराच्या गाड्या आमच्या फाटकावरून पुढे जातात.

आमचा वर्ग येऊन बघा. नलीकलीच्या (कृतीतून एकत्र शिकण्याच्या पद्धतीच्या) पहिली, दुसरी, तिसरीची मुलं एका खोलीत, चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत, सहावी-सातवी व्हरांड्यात. सातवीला अपूर्णांक सांगत असते तेवढ्यात पहिलीतलं पोर पाटी घेऊन येतं, "बाई, झालं." त्याला नवीन काम देऊन परत येईपर्यंत सातवीचं लक्ष उडालेलं असतं. ही मुलं पुढे दहावीला पहिली भाषा मराठीचा १२५ गुणांचा पेपर देणार आहेत, गणित-विज्ञानही मराठीतून लिहिणार आहेत. त्यांचा पाया इथे घातला जातो, आणि इथेच कुणी येत नाही.

अतिथी शिक्षिका, बेळगाव तालुका

शाळा भरल्यावर आमची नेमणूक होते, मानधन महिनोन्‌महिने अडकतं, सुट्टीतलं मिळत नाही. एका सभेत उमेदवाराने अतिथी शिक्षकांना कायम करण्याचा शब्द दिला. सभा संपल्यावर मी गाठून विचारलं, कायम भरती तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि सीईटी (भरतीची स्पर्धा परीक्षा) यांतून होते, मग आम्हाला कुठल्या नियमाने घेणार? "अक्का, आधी निवडून येऊ दे की." त्यानंतर त्यांची भेट नाही. मी अजून अतिथीच आहे.

निवृत्त मुख्याध्यापक

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. ही मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने होते. नमुना १९ भरायचा, आधीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवल्याचा दाखला संस्थाप्रमुखाने द्यायचा. म्हणून पहिला फोन येतो तो मुख्याध्यापकाला. आपली बहुतेक मराठी हायस्कुलं खासगी संस्थांची, त्यामुळे दुसरा फोन संस्थाचालकांना. मतदान पसंतीक्रमाचं, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने नावापुढे १, २, ३ लिहायचं. "एक नंबर कुणाला" हे चालकांकडून यायचं. मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं, दाखला माझ्या सहीने मिळेल, आकडा ज्याचा त्याने लिहायचा. मला त्याचा त्रास झाला, पण तरुण शिक्षक मोकळेपणी मत देऊन आले.

एसडीएमसी (शाळा विकास व व्यवस्थापन समिती) सदस्य, खानापूरचा जंगलपट्टा

आमच्याकडे आमदारकीच्या उमेदवाराने स्मार्ट क्लास देतो म्हटलं आणि दिला, टीव्ही आला. शिक्षक एकच, तेही बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या मीटिंगला गेले की शाळा आम्ही पालक सांभाळतो. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला घटनेचं कलम ३५०अ सांगतं. टीव्ही नको होता असं नाही. आम्ही मागितला होता माणूस.

हायस्कूल शिक्षिका, निपाणी

आम्ही काही जणींनी ठरवून एक कागद केला होता. त्यावर एकच ओळ: प्राथमिक मराठी शाळांतल्या रिकाम्या जागांचा प्रश्न बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनात मांडीन. एका उमेदवाराने वाचून सही केली, दुसऱ्याने "विचारून कळवतो" म्हणत कागद खिशात घातला. सहीने लगेच शिक्षक येत नाहीत, मान्य. पण आम्हाला मत आहे आणि पलीकडच्या बाईंना नाही, तर त्यांच्यासाठी आपणच विचारायला हवं.

२०२८ च्या कागदाला शाळावार रिकाम्या जागांची यादी जोडायची आहे. चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्याची माहिती अधिकारातून मागितली आहे, आली की इथे टाकते. बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यासाठी अर्ज कोण करतंय? खानापूरच्या सरांनी केला तर मसुदा माझ्याकडे तयार आहे.